शेपटाचं पाणी

धरणाच्या कार्यालयात निवृत्तीला वर्षाहून कमी उरलेल्या माणसाला मृतसाठा म्हणायची पद्धत होती. धरणाच्या तळाशी, दरवाजांच्याही खाली जे पाणी राहतं, असतं पण कुणाच्या उपयोगी पडत नाही, ते मृतसाठा. उपअभियंत्याचे सात महिने उरले होते, आणि चहाच्या वेळी हा विनोद त्याच्यावर इतक्यांदा होऊन गेला होता की आता करणाऱ्यालाच हसू येत नसे.

अशा माणसाला काम काय द्यायचं, हा प्रश्न मोठ्या साहेबांनी एका मिनिटात सोडवला. धरणाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका काढायची होती.

"तुम्ही इथंच वाढलात. तुमचे वडीलही याच कामावर होते म्हणे," साहेब म्हणाले. "इतिहास तुम्हीच लिहा. चाळीस पानं. फोटो भरपूर टाका, म्हणजे लिहायला कमी लागेल."

वडिलांचं नाव साहेबांनी सहज काढलं होतं. साहेबांना बदलीवर येऊन वर्षही झालं नव्हतं. जुन्या लोकांपैकी कुणी ते नाव त्या खोलीत काढलं नसतं.

उपअभियंत्याला अभिलेख कक्षात एक टेबल आणि एक पंखा मिळाला. पंखा हवेपेक्षा धूळच जास्त फिरवत होता. तिथं बसून तो महिनाभर फायली वाचत राहिला. नदी वर्षातून दोनच महिने वाहणारी. बाकीचे दहा महिने तिच्या पात्रातून ट्रक जायचे. अशा नदीला आडवी भिंत घातली, अठ्ठावन्न किलोमीटरचा कालवा खणला, आणि उजाड माळावर गावं वसली. सत्तेचाळीस किलोमीटरपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथं एक छोटा पूल होता. पुलाच्या पुढचे अकरा किलोमीटर म्हणजे कालव्याचं शेपूट. कागदावर नाव वेगळं होतं, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे शेपूटच म्हणत. या शेपटात पाणी कधी गेलंच नव्हतं.

पन्नास वर्षांत एकदाही नाही.

आणि शेपटाची मोजणी त्याच्या वडिलांनी केली होती.

उद्घाटनाच्या वेळी तो सात वर्षांचा होता. त्याला आठवत होती ती फक्त गर्दी. शेपटाच्या दोन्ही काठांवर लोक तीन दिवस उभे होते, भांडी घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन. पाणी पुलाखाली शिरलं आणि पलीकडे आलंच नाही. चौकशी समिती बसली. समितीने सांगितलं, मोजणीदाराने चूक केली, शेपूट दीड फूट उंच झालं, पाणी अडलं आणि जमिनीत मुरलं. पुलाखाली एक लोखंडी दरवाजा बसवून तो बंद करून टाकला. अकरा किलोमीटरच्या गावांनी दोनचार वर्षं वाट बघितली आणि मग एकेक घर उठून गेलं.

वडील त्यानंतर घरीच बसले. बावीस वर्षं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझी लेव्हल बरोबर होती." पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले.

"लिहिणार आहेस का तू ते?" ताईने विचारलं.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. त्याची बायको गेल्यापासून भावाबहिणींचा संसार एकत्रच होता. चौकशीच्या वेळी ती चौदा वर्षांची होती, म्हणजे सगळं समजण्याच्या वयाची. वर्गातल्या मुली तिला 'दीड फूट' म्हणायच्या.

"काहीतरी लिहावंच लागेल," तो म्हणाला. "अकरा किलोमीटर कालवा गाळून कसा टाकणार?"

"मग खरं काय ते शोध आणि लिही. बाबा चुकले असतील तर तसं लिही. पण तू मोजून बघ आधी. दुसऱ्याचं बघून उतरवू नकोस." ताई अजूनही कधीकधी वर्गात असल्यासारखी बोलायची.

चौकशीची फाईल त्याला कपाटाच्या मागच्या फटीत सापडली. मुद्दाम लपवलेली नव्हती. मागे पडली होती आणि कुणी वाकून काढली नव्हती, इतकंच. वडिलांचा जबाब एका पानाचा होता. तो त्याने उभ्याउभ्या वाचला आणि मग बसून पुन्हा वाचला.

प्रश्न : पाणी शेपटात पोचले नाही, हे तुम्हाला मान्य आहे काय?

उत्तर : पाणी पोचले. मी पाहिले.

प्रश्न : काठावर हजारो लोक होते. त्यांच्यापैकी कुणालाही दिसले नाही. तुम्हाला कुठून दिसले?

उत्तर : दुर्बिणीतून.

त्यापुढे समितीने लिहिलं होतं : साक्षीदाराची मनःस्थिती ठीक नाही, प्रश्न थांबवले.

त्याच फाईलला नंतरच्या काळातला एक कागद टाचला होता. शेपटावर नेमलेल्या पाटकऱ्याच्या मृत्यूचा. पाणी वाटणारा पाटकरी, पण वाटायला पाणी नसलेला. एकतीस वर्षांपूर्वी पुलाखालचा दरवाजा गंजला म्हणून तो दुरुस्त करून दोन तास उघडून बघितला होता. त्याच दिवशी पाटकरी शेपटाच्या कोरड्या तळात मेलेला सापडला. मृत्यूचं कारण म्हणून डॉक्टरने लिहिलं होतं, 'बुडून'. त्या शब्दावर कुणीतरी आडवी रेघ मारली होती आणि वर वेगळ्या शाईने लिहिलं होतं, 'उष्माघात'.

उपअभियंता बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसला. मग त्याने फाईल मिटली. डॉक्टर दमलेला असेल, चुकीच्या रकान्यात लिहून गेला असेल. स्वतः त्याच्या हातून अशा किती चुका झाल्या होत्या.

मोजणीचं नवं यंत्र दुसऱ्या साईटवर गेलं होतं. भांडारपालाने अडगळीतून जुनी पितळी लेव्हल, म्हणजे उंचसखल मोजायची दुर्बीण, काढून दिली. "जपून वापरा. यात सगळं उलटं दिसतं," तो म्हणाला. "पूर्वीच्या सगळ्या दुर्बिणी तशाच. माणूस डोक्यावर उभा दिसतो."

"माहीत आहे," उपअभियंता म्हणाला. तो याच यंत्रावर शिकला होता.

शेपटाच्या चौकीवर त्याला पाटकऱ्याची बायको भेटली. नवऱ्याच्या जागी तिला चौकीदार म्हणून ठेवलं होतं आणि मग तिच्याबद्दल सगळेच विसरले होते. पुलापासून दोन किलोमीटर खाली, एका खोलीची चौकी. पुढे पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी आठवड्याला टँकर येऊन भरणारी. साठी उलटलेली ती बाई, डोक्याला फडकं गुंडाळून, कालव्याचा कोरडा तळ झाडत होती.

"काकू, हे कशाला झाडता?"

"हुकूम आहे ना, कालवा स्वच्छ ठेवायचा. रद्द केला का कुणी?"

"नसावा."

"मग झाडते." तिने झाडू भिंतीला टेकवला. "तुम्ही मोजणीदारांचे धाकटे ना? चेहरा तोच आहे. फक्त ते इतके वाकलेले नव्हते."

त्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

मापाची पट्टी धरायला त्याच्याकडे माणूस नव्हता. काकूंनी स्वतःहून पट्टी उचलली. चार मीटरची ती लाकडी पट्टी त्यांनी अशी सरळ धरली की त्याला सांगावंच लागलं नाही. नवऱ्याने शिकवलं होतं म्हणाल्या. सहा दिवस ते दोघं सकाळी लवकर निघून ऊन चढेपर्यंत काम करत. तो दुर्बीण लावायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, मग तिपाई खांद्यावर टाकून पुढे. मधे डबा खाताना काकू एखादं वाक्य बोलायच्या. उजाड घरांकडे बोट दाखवून, इथं शिंपी राहायचा, इथं शाळा होती, असं. घरांची दारं, चौकटी लोक काढून घेऊन गेले होते. भिंती तेवढ्या उभ्या होत्या.

शेवटच्या दिवशी चौकीच्या ओट्यावर बसून त्याने बेरीज-वजाबाकी केली. तीनदा केली. मग पेन खाली ठेवलं.

शेपटाला उतार होता. पुलापासून शेवटच्या दगडापर्यंत, पाच हजाराला एक, कुठेही खंड नाही. दीड फूट सोडाच, अर्ध्या बोटाची चूक नव्हती. वडिलांची लेव्हल बरोबर होती.

त्याला वाटलं होतं, हे कळलं की काहीतरी सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. अंगात साठवलेला शीण मात्र एकदम वर आला. बावीस वर्षं तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"बरोबर आहे ना?" काकूंनी विचारलं.

"बरोबर आहे. पाणी यायलाच हवं होतं."

"येतं की," काकू म्हणाल्या आणि भांडी घासायला उठल्या.

त्याने त्या शब्दांवरून काही विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं काहीबाही. पण घरी येऊन त्याने मोठ्या साहेबांना फोन केला आणि पुलाखालचा दरवाजा दोन तास उघडायची परवानगी मागितली. पन्नास वर्षांनी शेपटाला पाणी, असा फोटो मिळेल म्हटल्यावर साहेबांनी लगेच हो म्हटलं.

पाणी सोडायचा दिवस बुधवार ठरला. सकाळी दहाला पुलावरच्या दरवाजेवाल्याने चाक फिरवलं आणि मोबाईलवर सांगितलं, "साहेब, सुटलं. दणकून जातंय पुलाखाली. मोटारसायकल तुमच्या बाजूला लावली असती तर गेली असती."

"पलीकडच्या अंगाला बघ ना, बाहेर आलं का?"

"इकडून दिसत नाही साहेब, कठडा आडवा येतो. पण जाणार कुठं? तिकडंच येणार."

उपअभियंता चौकीपाशी कालव्याच्या तळात उभा होता. दोन किलोमीटर म्हणजे पाण्याला तासभर तरी लागणार. त्याने मनात हिशेब केला, अकराच्या सुमारास समोरच्या वळणावर पाण्याची धार दिसेल. कोरड्या कालव्यात पहिलं पाणी कसं येतं, हे त्याने वरच्या भागात कितीतरी वेळा पाहिलं होतं. माणसाच्या चालीने येतं. पुढे काड्या, पाचोळा, धुळीचा तपकिरी फेस ढकलत, बिचकत बिचकत. मुलं त्याच्या पुढे उलटी चालतात.

तोवर चौकीजवळच्या तळाचा एक आकडा पुन्हा घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. वहीत तो जरा पुसट झाला होता.

"काकू, एकदाच पट्टी धरता का? तिथं, त्या साठ मीटरच्या खुणेवर."

काकू काठावर पायऱ्यांशी बसून होत्या. सकाळपासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. "दरवाजा उघडा असला की मी तळात जात नाही, साहेब."

"अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत. वळणावर दिसलं की लगेच वर येऊ. दिसल्यावरही चालत येतं ते, पळत नाही."

"दिसल्यावर," काकू म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पट्टी घेतली आणि एकेक पायरी उतरल्या. "एकच ना?"

"एकच."

त्या खुणेवर जाऊन उभ्या राहिल्या. मागे, बऱ्याच लांबवर, कालवा सरळ जाऊन वळणाशी उन्हात विरघळत होता. वारा पडला होता. सिमेंटच्या दोन भिंतींच्या मधे उकाडा नुसता साचून होता. त्याने तिपाई रोवली, यंत्राचा बुडबुडा मध्यावर आणला, वाकून डोळा लावला.

नेहमीप्रमाणे सगळं उलटं. खाली आभाळ. काकू डोकं खाली करून लटकलेल्या, छातीपासून डोक्यापर्यंत, आणि त्यांच्या शेजारून वर जाणारे पट्टीचे लाल-काळे आकडे. दुर्बिणीतली मधली आडवी तार एक मीटर बेचाळीसवर.

त्याने आकडा लिहिला. पुन्हा डोळा लावला, खात्री करायला.

दुर्बिणीत वरच्या कडेला काहीतरी चकाकलं.

त्याला वाटलं, काचेवर घाम पडला. त्याने रुमालाने काच पुसली. पुन्हा बघितलं. चकाकणारी ती कड थोडी खाली आली होती. तिच्या वर सगळं गढूळ, तपकिरी होतं, आणि हलत होतं. पट्टीला लागून बारीक तरंग उठत होते, जसे वाहत्या पाण्यात रोवलेल्या काठीभोवती उठतात.

उलट्या चित्रात वरून खाली येणारी गोष्ट म्हणजे खालून वर चढणारी. हे समजायला त्याला एक क्षण लागला.

त्याने डोकं बाजूला केलं. समोर कोरडा तळ. काकूंच्या पायांशी धूळ, धुळीत त्यांच्याच चपलांचे ठसे. वळण रिकामं.

त्याने डोळा लावला. पाणी काकूंच्या छातीशी होतं. एक मीटर दहा. तो आकडा वाचत होता, सवयीने. एक मीटर पंधरा.

आणि काकूंच्या मागे, लांब, काठावर माणसं होती. दोन्ही काठांवर, ओळीने. त्यांच्या पलीकडे हिरवं होतं. इतकं हिरवं त्याने या मुलखात पाहिलं नव्हतं. माणसं पाण्याकडे बघत नव्हती. त्यांच्यापैकी एक जण तिपाईपाशी वाकलेला होता. त्याच्या दुर्बिणीचं तोंड इकडे होतं. त्याची वाकण्याची ढब ओळखीची वाटली. मोजणीदार सगळे सारखेच वाकतात.

त्या माणसाने हात वर केला आणि तळवा दोनदा हलवला. पट्टी थोडी पुढे घ्या, ही खूण. ती खूण कुणासाठी होती, ते दुर्बिणीत दिसत नव्हतं.

एक मीटर पंचवीस.

"झालं का साहेब?" काकूंनी हाक मारली. आवाज घोगरा आला.

त्याने मान वर केली. काकू धुळीत उभ्या होत्या. एक हात पट्टीवर, दुसरा गळ्यावर. त्यांनी तोंड वर केलं होतं. हनुवटी आभाळाकडे. पाणी चढत असलेला माणूस जसं करतो, तसं.

"काकू! वर या!"

"काय?"

"वर या म्हणतो!"

त्या खोकल्या. पुन्हा खोकल्या. पट्टी हातातून सुटून तळावर पडली. लाकूड सिमेंटवर आपटलं, पण आवाज दबका आला.

मधली तार त्याच्या डोळ्याच्या उंचीवर होती. लेव्हलचा अर्थच तो. पाणी तारेला टेकलं की ते इथंही तेवढंच असणार.

तो धावला. साठ मीटर. पाय उचलले जात नव्हते. मांड्यांवर काहीतरी रेटत होतं, थंड आणि जड, आणि कानात दडे बसले होते. उन्हाचा चटका डोक्याला लागत होता, खांद्याच्या खाली नाही.

त्याने काकूंना काखेत धरलं. पायऱ्या दहाच होत्या. तिसऱ्या पायरीवर त्याला श्वास घेता आला. सातव्या पायरीवर कान मोकळे झाले.

काठावर काकू पालथ्या पडून ओकत होत्या. तोंडातून पाणी येत होतं. कपभर, मग आणखी कपभर. गढूळ, गाळाचं. धुळीत ते पसरलं आणि लगेच शोषलं गेलं. त्यांचे कपडे कोरडे होते. डोक्याचं फडकं कोरडं होतं.

खिशातला फोन वाजला. "साहेब, पोचलं का हो?" दरवाजेवाला विचारत होता. "तास होऊन गेला."

"बंद कर," तो म्हणाला. "आत्ता. लगेच."

काकू उठून बसायला अर्धा तास लागला. त्याने टाकीतलं पाणी दिलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. दोघं पत्र्याच्या सावलीत सरकून बसले.

"पलीकडे माणसं असतात ना?" काकूंनी विचारलं. "त्यांच्यात आमचे होते का?"

"तुमच्या माणसाला मी कधी बघितलेलं नाही, काकू."

"उंच होते. डाव्या खांद्यावर टॉवेल टाकायचे."

त्याने आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. "लांब होतं फार," तो म्हणाला.

काकूंनी मान डोलावली. "चांगलं पीक आहे का तिकडे?"

"आहे."

"चला," काकू म्हणाल्या. "कुणाला तरी मिळालं."

स्मरणिकेत त्याने एकच वाक्य लिहिलं : 'शेपटाची फेरमोजणी करण्यात आली असून मूळ मोजणी अचूक असल्याचे आढळले.' पाणी का गेलं नाही, याबद्दल काही लिहिलं नाही. मोठ्या साहेबांनी ते वाक्य बघितलंही नाही. त्यांना फोटो न मिळाल्याचा राग होता. छापलेली प्रत त्याने ताईला दिली. तिने चष्मा लावून ते वाक्य वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि पुस्तिका उशीखाली ठेवून दिली. त्या दिवसापासून ती जरा सैल झाल्यासारखी वाटली. सकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायला लागली. पूर्वी तिला बसणं माहीतच नव्हतं.

त्याला मात्र विश्रांती मिळाली नाही. झोप लागायची, पण उठताना अंग असं मोडून यायचं, जणू तो रात्रभर प्रवाहाच्या उलट चालत होता.

महिन्याभराने काकू कार्यालयात आल्या. चौकीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. भाचीकडे जाऊन राहणार होत्या.

"बरं झालं," तो म्हणाला.

"साहेब, तुम्ही कालव्यात नवीन मोजणी लावलीत का?"

"नाही. का?"

"खुंट्या ठोकल्यात कुणीतरी. तळात, मधोमध. पहिली आपल्या चौकीपाशी होती. मग पुलाकडे एकेक वाढत गेल्या. परवा पुलाच्या अलीकडे आल्या. वरच्या बाजूला. आकडे घातलेत."

तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकल घेऊन गेला. पाण्याची पाळी संपली होती, पुलाच्या वरचा कालवाही कोरडा होता. खुंट्या होत्या. लाकडी, हातभर, मोजणीदार रेषा आखताना ठोकतात तशाच. प्रत्येकीवर कोरलेला एक आकडा. या जागी पाणी जमिनीपासून किती उंच उभं राहील, ते लिहायची जुनी रीत. एक वीस. एक अठरा. एक पंधरा. कोसभर उन्हात जळलेल्या तळात त्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक खुंटी ओली होती. नुकती पाण्यातून काढल्यासारखी.

त्याने कार्यालयात चौकशी केली. कुठल्याही विभागाची मोजणी चालू नव्हती. त्याने अर्ज लिहिला, साहेबांनी त्यावर 'पाहावे' असं लिहून तो खाली पाठवला. खालच्याने फाईल केला. दरवाजेवाल्याला सांगून त्याने दहाबारा खुंट्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर होत्या. मग त्याने तो नाद सोडला. रोज एक किलोमीटर, या हिशेबाने त्या वर येत होत्या. चाळीस. तीस. मग वीस. धरणाच्या कर्मचाऱ्यांची वसाहत बाराव्या किलोमीटरला होती, आणि त्याचं नि ताईचं घर कालव्याला लागून तिसरं. ताईला घेऊन कुठं तरी जावं, असं त्याच्या मनात दोनदा आलं. पण कुठं जायचं, आणि तिला काय सांगायचं. शिवाय सामान बांधायचा विचार केला तरी हात गळून जायचे.

शुक्रवारी सकाळी तो तोंड धुऊन बाहेर आला तेव्हा ताई अंगणात खुर्चीवर बसून पेपर वाचत होती.

"अरे, ही खुंटी कुणी ठोकली इथं?" ती पेपरातून मान वर न काढता म्हणाली. "येताजाताना पायाला लागेल कुणाच्या. आणि ओली कशी काय? मी तर झाडांना पाणीही घातलं नाही अजून."

खुंटी तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होती. त्याने वाकून आकडा वाचला. एक शून्य पाच.

तो आत गेला, टेप घेऊन आला. टेपचं टोक जमिनीला धरलं आणि पट्टी ताईच्या खुर्चीशेजारून सरळ वर नेली. एक मीटर पाच सेंटिमीटर बरोबर तिच्या खालच्या ओठाशी आलं.

"काय मोजतोयस?"

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "हनुवटी जरा वर कर."